तांदळातला खडा

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे पंचवीस-तीस जणी जमल्या होत्या. वाण लुटून झालं, तिळगूळ झाला आणि मग गप्पा नेहमीप्रमाणे दुखण्याखुपण्यांवर आल्या. कुणाची शुगर, कुणाचे गुडघे, कुणाच्या सुनेचं सिझेरियन. एकीने तर आपली पिशवी काढल्याची गोष्ट इतकी रंगवून सांगितली, की हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. काही लपवाछपवी म्हणून नव्हती.

सगळ्या निघाल्या तरी एक जण मागे रेंगाळली. वय असेल अडतीस-चाळीस. कप विसळायला म्हणून माझ्यामागे स्वयंपाकघरात आली, नळ सोडला आणि त्या पाण्याच्या आवाजात हळूच म्हणाली, ‘‘काकू, एक विचारू का? कुणाला सांगू नका. मला इथं एक गाठ लागतीय.’’ ‘इथं’ म्हणताना तिने पदराच्या आतून बोटाने दाखवलं.

‘‘किती दिवस झाले?’’

‘‘दसऱ्यापासून.’’

‘‘डॉक्टरांना दाखवलंस?’’

‘‘गेले होते की. छातीत दुखतंय म्हणून सांगितलं. त्यांनी ईसीजी काढला. नॉर्मल आला. मग आले घरी.’’

मी तिच्याकडे बघतच राहिले. डॉक्टरांचा तरी काय दोष? ‘छातीत दुखतंय’ म्हटल्यावर कुणीही आधी हृदयच बघणार. ती बिचारी गाठ सांगायला गेली होती आणि हृदयाचा कागद घेऊन परत आली. साडेतीन महिने हा घोर तिने एकटीने वाहिला. नवऱ्याला नाही, सासूला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही.

आपल्या भाषेत बाळाला ‘अंगावर पाजते’ असं आपण चारचौघांत म्हणतो. ‘अंगावरचं दूध’ म्हणताना आजी-पणजीला कधी लाज वाटली नाही. पण त्याच ठिकाणी गाठ आली की आपल्याला शब्द सापडत नाही. म्हणून आज ठरवलं, की या सदरात हा विषय सरळ नाव घेऊन मांडायचा. स्तनांचा कर्करोग आणि आपली आपण करायची तपासणी. नको त्यांनी पान उलटावं. पण माझी विनंती आहे, की उलटू नका.

वन्संची गोष्ट

या विषयावर लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या वन्सं येतात. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात त्यांचं सासर. भाताचं मोठं पीक, घरात सोळा-सतरा माणसं. लग्न होऊन आले तेव्हा तांदूळ निवडायला मला त्यांनीच शिकवलं. ‘‘डोळ्यांनी नको गं, बोटांनी निवड,’’ म्हणायच्या. सुपातल्या तांदळावरून त्यांची बोटं नुसती फिरायची आणि पांढरा खडासुद्धा पांढऱ्या तांदळातून बरोबर बाहेर यायचा.

२००९ साली सुगीच्या दिवसांत आंघोळ करताना त्यांच्या बोटांना गाठ लागली. हरभऱ्याएवढी. त्याच वर्षी वैशाखात लेकीचं लग्न ठरलं होतं. ‘लग्न होऊ दे, मग बघू’ म्हणून त्या गप्प बसल्या. कुणीतरी पाल्याचा लेप सांगितला, तो लावला. लग्न झालं, पाहुणे गेले, तोवर पाऊस आला. मग रोपलावणी. गणपतीला आमच्याकडे आल्या तेव्हा मला कळलं. तोपर्यंत कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती आणि काखेतही गाठी आल्या होत्या. ऑपरेशन, केमो, शेक, सगळं झालं. दोन वर्षांनी त्या गेल्या.

दवाखान्यात एकदा मी रागाने विचारलं, ‘‘इतके महिने का सांगितलं नाहीत?’’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘दुखत नव्हतं गं. दुखलं असतं तर आले असते.’’

मैत्रिणींनो, या एका वाक्यासाठी मी आजचा लेख लिहिते आहे. आपल्याला लहानपणापासून दुखणं म्हणजे जे दुखतं ते, असंच शिकवलंय. पण स्तनाच्या कर्करोगाची सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना जड वाटणं, ठणकणं हे संप्रेरकांमुळे होतं आणि सहसा निरुपद्रवी असतं. न दुखणारी, घट्ट, एकाच जागी असलेली गाठ मात्र दाखवायलाच हवी.

कितीजणींचा हा प्रश्न?

भारतातल्या स्त्रियांमध्ये आज सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आढळल्या आणि सुमारे ९८ हजार जणी या आजाराने गेल्या. पाश्चात्त्य देशांत हा आजार जास्त करून साठीच्या आसपास दिसतो. आपल्याकडे चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांचं प्रमाण मोठं आहे. म्हणजे ऐन संसाराच्या, मुलांच्या परीक्षांच्या आणि लग्नांच्या दिवसांत. वन्संचं वय तेव्हा अठ्ठेचाळीस होतं.

‘आमच्या घराण्यात कुणाला नाही,’ असं म्हणून निर्धास्त राहू नका. ज्यांना हा आजार होतो त्यांतल्या बहुतेकींच्या घरात तो आधी कुणाला झालेला नसतो. आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांना झाला असेल, विशेषतः कमी वयात, तर मात्र डॉक्टरांना ते आधीच सांगा. वाढतं वय, पहिलं मूल उशिरा होणं किंवा मूल न होणं, पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन, दारू यांनी धोका वाढतो. बाळाला अंगावर पाजल्याने तो थोडा कमी होतो. पण पाजलं म्हणजे कधीच होणार नाही, असं नाही. पोलक्यात पैशाची पुरचुंडी किंवा मोबाइल ठेवल्याने, काळी ब्रा घातल्याने, मार लागल्याने कर्करोग होतो याला काही आधार सापडलेला नाही. आणि हा आजार पुरुषांनाही होतो, शंभर रुग्णांत साधारण एक. तेव्हा घरातल्या पुरुषाला छातीवर गाठ लागली तर तीही दाखवावी.

तपासणी कधी आणि कशी?

पाळी येत असेल तर पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान तपासावं. त्या वेळी स्तन मऊ असतात. पाळीच्या आधी तपासलं तर सगळीकडे गाठीच लागतील आणि उगीच जीव घाबरा होईल. पाळी गेली असेल, पिशवी काढली असेल किंवा दिवस गेलेले असतील तर महिन्यातली एक तारीख ठरवून घ्यावी.

आधी बघणं. दाराला कडी लावून, उजेडात आरशासमोर उभं राहा. हात खाली सोडून, मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन, मग कमरेवर दाबून, असं तीनदा बघा. दोन्ही बाजू अगदी एकसारख्या कुणाच्याच नसतात, थोडा लहान-मोठेपणा जन्माचाच असतो. बघायचं ते नवीन काय झालं हे. कुठे खळी पडलीय का, कातडी ओढल्यासारखी किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसते का, लाली आहे का, स्तनाग्र नव्यानेच आत ओढलं गेलंय का, त्यावर बरा न होणारा खवडा किंवा पुरळ आहे का? हात वर नेल्यावर एखादी खळी दिसते, जी हात खाली असताना दिसत नाही. म्हणून हात वर नेणं चुकवू नका.

मग हाताने तपासणं. उताणं झोपा. उजवी बाजू तपासायची तर उजव्या खांद्याखाली लहान उशी किंवा दुमडलेली चादर घ्या आणि उजवा हात डोक्याखाली ठेवा. तपासायचं डाव्या हाताने. मधल्या तीन बोटांची टोकं नव्हे, तर पेरांचा सपाट भाग टेकवा आणि रुपयाच्या नाण्याएवढी लहान लहान गोल वर्तुळं फिरवा. प्रत्येक जागी तीनदा: आधी हलकं, मग जरा दाबून, मग बरगडी लागेपर्यंत. हलक्या दाबाने कातडीखालचं कळतं, जोराच्या दाबाने खोलवरचं.

सुरुवात काखेपासून करा. वरून खाली, मग खालून वर, शेतात तासामागून तास धरावं तसं सरकत सरकत छातीच्या मधल्या हाडापर्यंत या. वर गळ्याखालच्या हाडापासून खाली स्तन संपतो त्याच्याही थोडं खालपर्यंत. मध्ये कुठे रान सोडायचं नाही. वरच्या आणि काखेकडच्या भागावर जास्त लक्ष द्या. जवळजवळ निम्मे कर्करोग त्याच भागात आढळतात. शेवटी काखेत बोटं घालून चाचपा. मग दुसरी बाजू. आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने तपासलं तरी चालतं, बोटं चांगली सरकतात. चिमटीत धरून मात्र तपासू नका. चिमटीत धरलं की कुठलाही मांसल भाग गाठीसारखाच लागतो.

पहिल्यांदा तपासाल तेव्हा काहीच कळणार नाही. स्तन हाताला पिठाच्या गोळ्यासारखा एकजीव लागत नाही. कुठे भिजवलेल्या साबुदाण्यासारखं, कुठे दोरीसारखं, खालच्या बाजूला घट्ट कडा, असं असतंच. पहिले तीन-चार महिने फक्त ओळख करून घेण्याचे. एकदा आपल्या तांदळाची ओळख झाली, की खडा बोटाला आपोआप लागतो.

एक खरी गोष्टही सांगायला हवी

‘दर महिन्याला तपासा आणि जीव वाचवा’ असं मी पूर्वी सरसकट म्हणत असे. आता जरा जपून म्हणते. चीनमधल्या शांघाय शहरात कापड गिरण्यांतल्या सुमारे २ लाख ६६ हजार स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. निम्म्या जणींना स्वतःची तपासणी नीट शिकवली, निम्म्यांना नाही. दहा वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवलं. २००२ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की दोन्ही गटांत या कर्करोगाने होणारे मृत्यू सारखेच राहिले. उलट शिकवलेल्या गटात साध्या, निरुपद्रवी गाठींसाठी तुकडा तपासण्याचं प्रमाण वाढलं. म्हणून आज जाणकार सांगतात, की स्वतःची तपासणी ही आजार शोधण्याची पुरती चाचणी नव्हे. ती आपल्या शरीराची ओळख आहे.

मग करायची कशाला? कारण आपल्या भागात नेमाने मॅमोग्राफी करणाऱ्या बायका थोड्या. बहुतेक जणींची गाठ पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्याच हाताला लागते. ती जांभळाएवढी झाल्यावर लागण्यापेक्षा हरभऱ्याएवढी असताना लागलेली बरी. आणि लागल्यावर महिनोन्‌महिने पदराखाली झाकण्यापेक्षा लगेच दाखवलेली बरी. वन्संची बोटं चुकली नव्हती. त्यांना गाठ हरभऱ्याएवढी असतानाच सापडली होती. उशीर झाला तो पुढे.

स्वतःच्या हाताबरोबर शिकलेला हातही हवा. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून झोपडपट्ट्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर एक अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या महिला आरोग्य कार्यकर्त्यांनी निम्म्या जणींचे स्तन दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासले, यंत्र नाही की काही नाही. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये मृत्यूंचं प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झालं. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मृत्यू कमी झाल्याचं मात्र दिसलं नाही. शिकलेल्या हातात केवढी ताकद असते, बघा!

२०१६ पासून आपल्या सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी करायची तरतूद आहे. तोंडाची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणीही त्यातच येते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात जाऊन ‘माझी तपासणी करा’ असं मागून घ्या. गावातल्या आशाताईंना कधी, कुठे होते ते विचारा. चाळिशीनंतर मॅमोग्राफी कधी आणि किती वर्षांनी करायची, हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

गाठ लागली तर?

सगळ्यात आधी, दहातल्या आठ-नऊ गाठी कर्करोगाच्या नसतात. कधी पाण्याची गाठ असते, कधी तरुणपणी होणारी, बोटाखाली सटकणारी साधी गाठ असते. पण कुठली साधी आणि कुठली नाही, हे आपल्या बोटांनी ठरवायचं नाही. शेजारणीच्याही नाही. पाळीच्या आधी काही मऊसं लागलं तर पाळी होऊन जाऊ द्या. नंतरही राहिलं तर दाखवा. घट्ट गाठ, नवी खळी, काखेत गाठ किंवा स्तनाग्रातून आपोआप येणारं रक्ताळ पाणी, यांपैकी काही असेल तर वाट बघू नका. ओल्या बाळंतिणीलाही ‘दूध गोठलं असेल’ म्हणून एक-दोन आठवड्यांपलीकडे थांबवू नका.

डॉक्टरांपुढे गेल्यावर शब्द नेमका वापरा. ‘छातीत दुखतंय’ नाही, ‘स्तनात गाठ आहे’. समोर कन्नड बोलणारे डॉक्टर किंवा नर्स असतील तर ‘एदेयल्ली गंटु इदे’ म्हणा. एवढंही तोंडातून निघत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. बाई डॉक्टर हव्या असतील तर तसं मोकळेपणाने सांगा, त्यात काही गैर नाही.

डॉक्टर आधी हाताने तपासतील. मग वयाप्रमाणे सोनोग्राफी, मॅमोग्राफी किंवा दोन्ही. आणि गरज वाटली तर जाड सुईने गाठीचा बारीक तुकडा घेऊन तपासायला पाठवतील. ‘सुई टोचली की कर्करोग पसरतो’ ही भीती आपल्याकडे घरोघर आहे. त्या भीतीपायी आणखी महिने जातात. तुकडा तपासल्याशिवाय नेमका आजार आणि नेमके उपचार ठरत नाहीत, म्हणून सुईला नाही म्हणू नका. आणि चित्रात काही दिसलं नाही तरी हाताला गाठ लागतच असेल, तर ‘अजून लागतीय’ असं पुन्हा जाऊन सांगा.

दुसरी भीती, ‘काढूनच टाकतील.’ पूर्वी तसंच होतं. पण इटलीतले उंबर्टो व्हेरोनेसी आणि अमेरिकेतले बर्नार्ड फिशर यांनी लहान गाठींच्या बाबतीत फक्त गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढून पुढे शेक देण्याची पद्धत पारखून पाहिली. २००२ मध्ये वीस वर्षांचे निष्कर्ष आले. पूर्ण स्तन काढलेल्या आणि राखलेल्या, दोन्हींचं आयुष्य सारखंच निघालं. म्हणजे गाठ लहान असताना गेलं तर स्तन राखता येण्याची शक्यता जास्त. काढतील या भीतीने जी उशीर करते, तिच्यावरच काढण्याची पाळी येते.

खर्चाची काळजी खरी आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि त्यात कर्करोगही येतो. कार्ड आजारपण यायच्या आधीच काढून ठेवा. रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव जुळतं का, तेही बघून घ्या; लग्नाआधीचं नाव आणि सासरचं नाव यांच्या घोळात ऐन वेळी कामं अडतात.

घरच्या पुरुषांसाठीही दोन शब्द. हा अंक तुमच्याही हातात पडतो. बायकोने, आईने असं काही सांगितलं तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणू नका. तिने ते सांगायला किती दिवस धीर गोळा केला असेल, याचा अंदाज तुम्हाला येणार नाही. दुसऱ्याच दिवशी गाडी काढा.

त्या हळदीकुंकवाच्या मैत्रिणीचं काय झालं, हे तुम्हाला विचारावंसं वाटत असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तिच्याबरोबर गेले. तपासणी झाली, सोनोग्राफी झाली, सुई झाली. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. साधी गाठ. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून ती रडली आणि मग म्हणाली, ‘‘काकू, साडेतीन महिने मला झोप नव्हती. आठ दिवसांचं काम होतं.’’ रिपोर्ट वाईट आला असता, तरीही आठ दिवसांतच कळलं असतं आणि पुढचा रस्ता लगेच धरता आला असता.

आता हा अंक खाली ठेवलात की एक करा. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख लिहिता ना, तिथेच पुढच्या महिन्याच्या एका तारखेवर बारीकशी खूण करा. कुणाला कळणार नाही कशाची ते. त्या दिवशी दार लावून घ्या आणि दहा मिनिटं स्वतःला द्या. आणि आपल्या लेकी-सुनांना, जावांना, घरी कामाला येणाऱ्या मावशींना हे सांगा. नळ सोडून नको, मोठ्याने सांगा.